मच्छेच्या शेडसाठी रंगाची सिस्टीम: सॉल्व्हंट की वॉटरबोर्न? पाऊस तोंडावर आलाय

मच्छे_शेड (२९ मे)

नमस्कार मंडळी. बेळगावजवळच्या मच्छेत आमचं डेंटिंग-पेंटिंगचं शेड आहे. दोन डेंटर, एक पेंटर, घासायला एक पोरगा. बूथ म्हणजे इथल्याच फॅब्रिकेटरकडून करून घेतलेली पत्र्याची खोली. फिल्टर आहेत, ब्लोअर आहे, हीटर नाही. कॉम्प्रेसर पाच एचपीचा, वडिलांच्या वेळचा.

आजवर रंग गावातल्या मिक्सिंगच्या दुकानातून आणतो. गाडीच्या रंगाचा कोड सांगायचा, तासाभरात डबा हातात. मार्चमध्ये एका सिल्व्हर मारुतीचा मागचा दरवाजा केला. कोड झेड-टू-एस, हजार वेळा मारलेला. शेडमध्ये जुळला. दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक परत. उन्हात दरवाजा समोरून जरा उजळ, बाजूनं बघितला तर काळपट. पदरच्या पैशानं पुन्हा केला. दुकानदार म्हणाला, माझा डबा बरोबर, तुमचा पेंटर बघा. पेंटर म्हणाला, डबाच चुकीचा.

तेव्हापासून स्वतःचं मिक्सिंग मशीन घ्यावं असं डोक्यात आहे. दारात दोन सेल्समन येऊलेत. पहिला सॉल्व्हंटवाला, म्हणजे थिनरमधला रंग: मशीन, काटा, कॉम्प्युटर सगळं फुकट, फक्त तीन वर्षं महिन्याला ठरलेला माल उचलायचा. दुसरा वॉटरबोर्नवाला, म्हणजे पाण्यातला रंग: जग तिकडं चाललंय, आत्ता बदला. शिवाय कोल्हापूरचा एक डीलर फोनवर ‘पाच टक्के कमी लावतो’ म्हणतोय. आणि पहिल्याचं पालुपद, ‘गाडीच्या कारखान्यात आमचाच रंग लागतो, मग दुरुस्तीलाही आमचाच हवा.’

काय घेऊ?

घाटमाथा (२९ मे)

काय घेऊ ते नंतर. आधी सांग, सध्या प्रायमर कुणाचा, वरचं पारदर्शक क्लिअर कुणाचं, ते घट्ट करणारा हार्डनर कुणाचा?

मच्छे_शेड (२९ मे)

काका, खरं सांगू? प्रायमर जो स्वस्त मिळेल तो. क्लिअर एका कंपनीचं. हार्डनर आधीच्या क्लिअरचा उरला होता, तो संपवूलोय.

घाटमाथा (३० मे)

मग तुझ्याकडं सिस्टीमच नाही, डबे आहेत.

मी सव्वीस वर्षं स्प्रे गन धरतोय, आधी गोव्यात, आता जांबोटीच्या वाटेवर स्वतःचं. सिस्टीम म्हणजे उघड्या पत्र्यावरच्या इपॉक्सी प्रायमरपासून वरच्या क्लिअरपर्यंतची साखळी, एकाच घरात एकमेकांवर मारून तपासलेली. टू-के, म्हणजे दोन डबे मिसळून मारायचं क्लिअर, वाळतं ते निव्वळ थिनर उडून नाही. रेझिन आणि हार्डनर एकमेकांना धरतात, जाळं विणतात. कुणाचं क्लिअर दोनास एक हार्डनर मागतं, कुणाचा प्रायमर चारास एक. एकाचा हार्डनर दुसऱ्यात ओतलास तर त्या दिवशी चकाकी येईलही. सहा महिन्यांनी क्लिअर मऊ का राहिलं, पॉलिशच्या वेळी पॅडला का चिकटतं, हे विचारायला मग कुणाकडं जाणार? दोन्ही कंपन्या हात वर करणार, आणि त्यांचं चूक नाही.

दुसरं, उघडा हार्डनर. त्यातलं आयसोसायनेट पाण्यासाठी हपापलेलं असतं. झाकण सैल राहिलं की हवेतली ओल ओढतं. डबा गढूळ झाला, काठावर खडे धरले की फेकायचा. ओल आणि आयसोसायनेट भेटले की कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तो तुझ्या क्लिअरमध्ये बुडबुडे, टाचणीची भोकं करून बाहेर पडतो. आपल्याकडं जूनपासून गणपतीपर्यंत हवेत काय असतं ते तुला सांगायला नको.

आमचे उस्ताद डुकोवाले. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग, नुसता थिनर उडून वाळणारा. पावसात मारला की पांढरा पडायचा, धुक्यासारखा. ते निदान डोळ्यांना दिसायचं. आता पांढरं पडत नाही म्हणून लोकांना वाटतं पावसाचा त्रास संपला.

संकेश्वर_ट्रॉली (३० मे)

आमचं बरं हाय. उसाची ट्रॉली, लाल इनॅमल, ब्रश नाहीतर गन जे हाताला लागंल ते. कोड बिड काय नाही. गाळप सुरू व्हायच्या आधी वाळलं म्हणजे झालं. 😄

खानापूर_लाल_माती (३० मे)

अण्णा, वाळायच्या आत आमच्याकडची तांबडी धूळ बसली तर ट्रॉलीला खपतंय, पांढऱ्या गाडीला नाही. आमच्या शेडसमोरचा रस्ता मातीचा. क्लिअर मारायच्या आधी बूथची फरशी ओली करूलो, तरी चार दाणे बसतातच. दोन हजार नंबरचा पेपर आणि पॉलिश रोजचं झालंय.

रसायनवाला (३१ मे)

मूळ चिकोडीचा, सध्या पुण्यात. काही वर्षं एका रंग कंपनीच्या टेक्निकल सर्व्हिसमध्ये होतो, आता त्या धंद्यात नाही. त्यामुळे कुणाची वकिली नाही.

आधी ते ‘कारखान्यात आमचाच रंग’. कारखान्यात उघडी बॉडी असते. वायरिंग नाही, सीट नाही, टायर नाही. तिथला रंग साधारण १४० अंशांना भाजून पक्का होतो, खालचा, बॉडी बुडवून विजेनं चढवलेला ईडी प्रायमर त्याहून जास्त तापमानाला. तू तुझ्या बूथमध्ये अख्खी गाडी १४० ला घातलीस तर डॅशबोर्ड वितळून गालिचावर येईल. म्हणून दुरुस्तीचा रंग ६० अंशांना, नाहीतर साध्या हवेत वाळणारा टू-के. रसायनच वेगळं. कारखान्याला रंग देणाऱ्या कंपनीला नव्या शेडची माहिती लवकर मिळते, एवढा फायदा असू शकतो. डब्यातला माल तोच आहे असं कुणी म्हणत असेल तर हसून चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता घराणी. अ‍ॅक्साल्टाकडे क्रोमॅक्स, स्टँडॉक्स, स्पाइस हेकर. बीएएसएफच्या रंग विभागाचे ग्लासुरिट आणि आर-एम. अक्झोनोबेलकडे सिकेन्स आणि लेसोनाल. पीपीजी आपल्याकडे एशियन पेंट्सबरोबर भागीदारीत. त्यांचं सॉल्व्हंट डेल्ट्रॉन, वॉटरबोर्न एन्व्हायरोबेस. शिवाय कन्साई नेरोलॅक, निप्पॉन. एकाच घराण्यात महाग आणि परवडणारा असे दोन-तीन ब्रँड असतात, त्यामुळे ‘अमकी कंपनी चांगली’ या वाक्याला अर्थ नाही. त्या घरातली कुठली लाइन, ते विचारा.

घाटमाथा काका, तुमच्या उस्तादांचा डुको ड्यूपाँचा. १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर तो पहिल्यांदा लागला आणि आठवडे खाणारं रंगकाम दिवसांवर आलं. ड्यूपाँचा तोच रंग विभाग २०१३ मध्ये कार्लाइलनं विकत घेतला आणि त्याचं अ‍ॅक्साल्टा झालं.

वॉटरबोर्नवर रात्री लिहितो.

घाटमाथा (३१ मे)

उस्ताद असते तर हे ऐकून खूश झाले असते. त्यांना वाटायचं डुको म्हणजे कुणा साहेबाचं नाव.

रसायनवाला (३१ मे, रात्री)

वॉटरबोर्न. आधी एक गैरसमज काढू. वॉटरबोर्न सिस्टीम म्हणजे सगळं पाण्यातलं नव्हे. पाण्यातला असतो तो बेसकोट, म्हणजे रंगाचा थर. वरचं क्लिअर बहुतेक ठिकाणी तेच सॉल्व्हंटचं टू-के, प्रायमरही बहुधा तसाच. त्यामुळे ‘वास नाही, मास्क नको’ असं जो सांगेल त्याच्यापासून लांब राहा.

युरोप तिकडे वळला तो कायद्यानं. २००७ पासून तिथं टॉपकोटमध्ये लिटरला ४२० ग्रॅमपेक्षा जास्त सॉल्व्हंट चालत नाही. आपल्या बॉडी शॉपवर तसा दंडुका नाही, म्हणून सॉल्व्हंट अजून जोरात आहे.

रंग म्हणून वॉटरबोर्न सरस, हे माझं मत. मेटॅलिकचा दाणा सरळ बसतो, झाकणशक्ती चांगली, ब्लेंडची, म्हणजे शेजारच्या भागात विरवलेल्या रंगाची, कडा सहज मिटते. पण सॉल्व्हंट उडायला हवेत जागा शोधत नाही, पाणी शोधतं. मच्छेत जुलैत २२ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता असेल तर ती हवा आधीच पाण्यानं तुडुंब. बेस तासभर ओला राहील, पेंटर कंटाळून त्यावर क्लिअर मारेल आणि पाणी खाली कोंडेल.

यावर उपाय आहे, हवा गरम करून खेळवायची. तीच २२ अंशांची ९५ टक्के ओली हवा ३५ अंशांपर्यंत तापवली तर तिची आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास येते. पाणी तेवढंच, पण हवेची पाणी धरायची ताकद वाढते. गोव्यात, मुंबईत वॉटरबोर्न चालतं ते असंच. तुझ्या बूथला हीटर नाही. म्हणजे वॉटरबोर्नची किंमत म्हणजे टिंटर (मिसळायचे मूळ रंग) अधिक हीटर अधिक बूथचं इन्सुलेशन अधिक वीज नाहीतर डिझेल. सेल्समननं यातलं फक्त पहिलं सांगितलं असणार.

तिसरं_गेट (१ जून)

मी टिळकवाडीत गाडी चालवणारा, रंगवणारा नव्हे. गिऱ्हाईक म्हणून सांगतो, तुमच्या भिंतीवर मोठ्या कंपनीचा बोर्ड असला की आम्हाला भरवसा वाटतो. माझ्या बॉनेटचं क्लिअर दोन वर्षांत सोलून निघालं, साप कात टाकतो तसं. कुठल्या शेडमध्ये केलं ते सांगत नाही. पण पुढच्या वेळी मी बोर्ड बघून गेलो. तेव्हा ब्रँडला काही अर्थ नाही असं म्हणू नका.

घाटमाथा (१ जून)

साहेब, कात टाकली म्हणजे बहुतेक बेसवर क्लिअर वेळेत मारलं नाही, नाहीतर क्लिअर पातळ बसलं. दोन कोट मिळून ५०-६० मायक्रॉन पाहिजे, आपले लोक वाचवतात. ते कुठल्याही बोर्डाखाली होतं.

तिसरं_गेट (१ जून)

असेल. पण मला मायक्रॉन दिसत नाहीत, बोर्ड दिसतो.

निपाणीची_हिशेबनीस (१ जून)

नवऱ्याचं बॉडी शॉप, हिशेब माझ्याकडे. तीन गोष्टी लिहिते, तिसरी इन्शुरन्सची, ती उद्या.

पहिली, कोल्हापूरचे पाच टक्के. रंगावर जीएसटी दोन्हीकडे १८ टक्के (२०१८ च्या जुलैपर्यंत २८ होता). हुबळीहून किंवा बेळगावातून घेतला तर बिलात नऊ अधिक नऊ, कोल्हापूरहून घेतला तर अठरा आयजीएसटी. रेग्युलर नोंदणी असेल तर क्रेडिट दोन्हीकडे सारखंच. कंपोझिशनमध्ये (लहान धंद्यांच्या ठोक कराच्या योजनेत) असाल तर क्रेडिटच नाही, तो कर सरळ खर्चात धरा. पन्नास हजारांवर माल गेला की ई-वे बिल. आम्ही निपाणीचे, आम्हाला कोल्हापूर अंगणात. तरी आम्ही कर्नाटकातल्या डीलरकडून घेतो. कारण आमच्या कंपनीचा टेक्निशियन येतो तो हुबळीहून, आणि तो आधी विचारतो, ‘बिल कुणाचं?’ टिंटर खराब निघाला, बदलून हवा, फॉर्म्युला जुळत नाही, तेव्हा ते पाच टक्के आठवतात.

दुसरी, लिटरच्या भावाला भुलू नका. तयार लिटरमध्ये घन भाग किती ते टेक्निकल शीटवर असतं. आकारमानाचे टक्के गुणिले दहा, भागिले मायक्रॉन, की लिटरला किती चौरस मीटर ते निघतं. समजा एक क्लिअर हार्डनर-थिनर धरून ९०० रुपये लिटर, घन ३० टक्के. ५० मायक्रॉनला सहा चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला दीडशे. दुसरं १२०० रुपये, घन ४५ टक्के. नऊ चौरस मीटर, म्हणजे १३३. महागडं स्वस्त पडलं की नाही? हे कागदावरचं. त्यातला बराच रंग गाडीवर न बसता हवेत जातो, पण तो दोन्हींचा जातो.

संकेश्वर_ट्रॉली (१ जून)

ताई, आमच्याकडं हवेत कमी आणि पायजम्यावर जास्त जातंय.

मच्छे_शेड (२ जून)

ताई, हे गणित पेंटरला दाखवलं. तो म्हणाला, ‘हे शाळेत असतं तर मी शाळेत राहिलो असतो.’

काका, माझ्या दरवाजाचं काय? मशीन घरात आलं तर ते तरी थांबेल ना?

घाटमाथा (२ जून)

थांबेल असं वाटत नाही. तू लिहिलंस ते पुन्हा वाच: समोरून उजळ, बाजूनं काळपट. ही सुक्या फवाऱ्याची खूण. मेटॅलिकमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्या असतात. रंग सुका बसला तर त्या आडव्या, आरशासारख्या निजतात; समोरून उजळ, कडेनं काळं. ओला बसला तर वाकड्यातिकड्या होतात. समोरून गडद, कडेनं उजळ. मार्चचं ऊन, फास्ट थिनर, हवा जास्त, हात लांब. यातलं काहीतरी एक, नाहीतर चारही.

डबा चुकलाच नसेल असं म्हणत नाही. एकाच कोडचे चार-पाच व्हेरिअंट असतात, कारखान्याच्या प्रत्येक बॅचचं नशीब वेगळं. दुकानदार पहिला फॉर्म्युला उघडतो आणि डबा भरतो. त्याला गाडी दिसलेलीच नसते. पुढच्या वेळी पेट्रोलचं झाकण काढून ने त्याच्याकडं, पॉलिश करून.

आता एक कर. तोच उरलेला डबा असेल तर दोन पत्र्यांवर मार. एकावर तुझा पेंटर रोज मारतो तसा, दुसऱ्यावर हवा कमी करून, जवळून, स्लो थिनर घालून. क्लिअर मार दोन्हींवर. सकाळी बाहेर आण. समोरून बघ, तिरका बघ, आणि अगदी कडेनं बघ. मग मशीनचं बोल.

आणि सिल्व्हर दरवाजा म्हणजे नुसता दरवाजा कधीच नसतो. पुढच्या दरवाजावर आणि मागच्या क्वार्टरवर रंग विरवत न्यायचा आणि तिन्हींवर पूर्ण क्लिअर. गिऱ्हाईक ‘एकाच दरवाजाचे पैसे देतो’ म्हणतं, तिथंच घोळ होतो.

निपाणीची_हिशेबनीस (३ जून)

राहिलेलं इन्शुरन्स. झिरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) नसेल तर रंगकामात घसारा फक्त मालावर, ५० टक्के. मजुरीवर नाही. बिल एकत्र दिलं तर एकूण रंगकामाच्या २५ टक्के माल धरतात. म्हणजे दहा हजारांच्या एकत्र बिलात अडीच हजार माल, त्याचे अर्धे साडेबाराशे गिऱ्हाइकाच्या खिशातून. तुम्ही हौसेनं महाग सिस्टीमचं वेगळं बिल लावून माल चार हजार दाखवलात तर दोन हजार कापले जातात, आणि गिऱ्हाईक तुमच्यावर उखडतं. सिस्टीम ठरवण्याआधी तुमच्या किती गाड्या क्लेमच्या ते मोजा. आमच्याकडे निम्म्याहून जास्त.

मच्छे_शेड (३ जून)

आमच्याकडं उलटं. बहुतेक रोखीची गिऱ्हाइकं. चोर्ल्याच्या घाटात कठड्याला घासून आलेली, नाहीतर गल्लीत गाडी वळवताना.

रसायनवाला (४ जून)

फुकट मशीनबद्दल. टिंटरचे डबे पन्नासच्या वर असतात. तुझं काम बघता पांढरा, सिल्व्हर, ग्रे आणि थोडा लाल. म्हणजे निम्मे टिंटर वर्षानुवर्षं तसेच बसणार, आणि ते पैसे तुझे. सॉल्व्हंटचे टिंटर सकाळी आणि दुपारी पंधरा-पंधरा मिनिटं ढवळावे लागतात, नाहीतर रंगद्रव्य तळाला. सकाळी नेमकी हेस्कॉमची वीज गेली आणि त्या दिवशी न ढवळता मिक्स केलं की तो डबा भलताच होतो.

काटाही ध्यानात घे. ०.१ ग्रॅमचा काटा वाईट नाही. पण मारुतीच्या २६यू पांढऱ्याचा छोटा डबा करताना एखादा टिंटर ०.२ ग्रॅमच लागत असेल, तर एका आकड्याची चूक म्हणजे निम्म्यानं चूक. दुकानदार लिटरभर करतो, त्याला ती चूक पचते. शंभर ग्रॅम करणाऱ्याला नाही. आणि पडद्यावर आकडे चढत्या बेरजेत आहेत की सुट्टे, हे न बघता ओतणारे मी इतके पाहिलेत की विचारू नका.

दिवसाला चार-पाच गाड्या रंगवणाऱ्यानं मशीन घ्यावं. तू आठवड्याला किती करतोस?

मच्छे_शेड (४ जून)

चांगला आठवडा असेल तर पाच. दसऱ्याच्या आधी आठ-नऊ, खंडेनवमीला सगळ्यांना गाडी नवी दिसायला हवी असते.

रसायनवाला (४ जून)

मग मशीन तुला नाही, सेल्समनला हवंय.

कोल्हापूर_शिरोली (५ जून)

एवढंही नाही हं. आमच्याकडे शेड तुमच्याएवढंच, मशीन घेतलं, चार वर्षं झाली. रविवारी, सणाच्या दिवशी, रात्री नऊला रंग करता येतो. दुकानदाराच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. चुकला तर दोन थेंब टाकून सुधारता येतो. पेंटरच हुशार झाला. हिशेबात तोटा असेल थोडा, पण डोक्याचा ताप गेला त्याची किंमत कोण धरतं?

घाटमाथा (५ जून)

शिरोलीकरांचं अगदीच टाकाऊ नाही. पेंटर शिकणारा असेल तर. पण तो सोडून गेला की मशीनवर धूळ.

खानापूर_लाल_माती (६ जून)

एक विचारायचं राहिलं. मास्क कोण काय वापरूलात? आमचा पेंटर रुमाल बांधतो. कोळशाचा मास्क आणून दिला तर म्हणतो, गुदमरतंय.

रसायनवाला (६ जून)

रुमाल म्हणजे काहीच नाही. टू-केच्या फवाऱ्यातलं आयसोसायनेट श्वासातून गेलं तर दमा जडतो, आणि एकदा शरीर बिथरलं की मग थोड्याशा फवाऱ्यालाही छाती भरते. त्याला स्वतःचा असा वास नाही, त्यामुळे कोळसा संपला हे नाकाला कळत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा. महाग आहे, माहीत आहे. निदान चांगला कोळशाचा, तोंडाला घट्ट बसणारा, दाढी काढून, आणि कार्ट्रिज ठरल्या दिवशी बदलून. घासणाऱ्या पोराला फवाऱ्याच्या वेळी आत उभा करू नका.

घाटमाथा (६ जून)

उस्ताद शेवटची सहा वर्षं दम्याच्या पंपाशिवाय जिना चढले नाहीत. एवढंच लिहितो.

मच्छे_शेड (२३ जून)

उशिरा लिहितोय. मधे पाऊस लागला आणि कामं तुंबली.

काकांनी सांगितलेलं केलं. मार्चचा पाव लिटर डबा तळाला होता. दोन पत्रे. पहिल्यावर पेंटरनं रोजच्यासारखं मारलं. गनच्या तोंडाशी गेज लावला तर साडेतीन बार! आमचा भिंतीवरचा रेग्युलेटर दोन दाखवतोय. काटा अडकलेला, कधीपासून देव जाणे. दुसरा पत्रा दोन बारला, स्लो थिनर, वीतभर अंतरावरून. सकाळी उघडीप मिळाली तेव्हा दारात आणले. एकाच डब्यातले दोन सिल्व्हर. एक तो मार्चचा दरवाजा, दुसरा गाडीसारखा. पेंटर पाच मिनिटं गप्प उभा राहिला, मग म्हणाला, ‘दुकानवाल्याला शिव्या दिल्या त्या परत घ्याव्या लागतील.’ शनिवारी जाऊन चहा पाजून आलो.

मग कॉम्प्रेसर. खालचा कॉक सोडला तर बादलीभर गंजकं पाणी. वडिलांनी पाइप टाकला तो सरळ, उतार नाही, टाकीतून थेट गनकडं. आता पाइप भिंतीवरून उतार देऊन नेला, प्रत्येक फाटा वरच्या बाजूनं काढला, शेवटाला ड्रेन. रेफ्रिजरेटेड ड्रायर जुना मिळाला, उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपनं काढलेला. पण पाच एचपीवर एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाबाची) गन आणि घासायचं मशीन एकदम चालत नाही, दाब पडतो. गनलाच बारा-पंधरा सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) लागतं.

काय ठरवलं ते सांगतो. तीन वर्षांचा करार नाही. बेस गावातल्या दुकानातूनच, सॉल्व्हंट, पण आता पेट्रोलचं झाकण घेऊन जायचं आणि तिथंच नमुन्याच्या कार्डावर रंग मारून बघायचं. दुकानदारानं मान्य केलंय. त्याच्याकडे ज्या कंपनीचा बेस, त्याच कंपनीचा इपॉक्सी, प्रायमर, क्लिअर, हार्डनर, थिनर घेतला, हुबळीच्या डीलरकडून. थिनर दोन ठेवले, मीडियम आणि स्लो. फास्टचा डबा फेकला नाही, गन धुवायला ठेवला.

मिक्सिंगचं प्रमाण भिंतीवर रंगवून घेतलं, तीन भाषांत. डेंटर कन्नड वाचतो, पेंटर गोरखपूरचा, तो हिंदी, पोरगा मराठी. कन्नडचं सायनबोर्डवाल्यानं लिहिलं आणि ‘हार्डनर’ची जोडाक्षरं चुकवली. पोरगं रोज हसतंय.

निपाणीची_हिशेबनीस (२३ जून)

क्लिअरचं चौरस मीटर काढलं का?

मच्छे_शेड (२३ जून)

काढलं ताई. मधल्या भावाचं घेतलं. सगळ्यात महाग क्लिअर गणितात थोडंसं स्वस्त पडत होतं, पण ते ६० अंशांना अर्धा तास भाजायला सांगतात आणि आमच्याकडं हीटर नाही. हवेत वाळणारं घेतलं.

रसायनवाला (२४ जून)

बरोबर केलंस. एक लक्षात ठेव, पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या तीन अंश तरी वर हवं. रात्रभर बाहेर उभी असलेली गाडी सकाळी सात वाजता आत घेऊन लगेच मारायची नाही, पत्रा थंड असतो. तासभर आत राहू दे.

तिसरं_गेट (२४ जून)

आणि बोर्ड?

मच्छे_शेड (२४ जून)

डीलर देणार आहे, साहेब. चार फूट बाय दोन. तुमच्यासाठी लावतो.

तिसरं_गेट (२४ जून)

मग येतो. मागचा बंपर आहे. प्लॅस्टिकचा, त्याचा रंग पापुद्र्यानं निघतोय.

घाटमाथा (२४ जून)

बंपर पीपीचा (पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकचा) असला तर आधी रंग धरून ठेवणारा अ‍ॅडहेजन प्रमोटर मारायचा रे, विसरू नको. आणि साहेबांना बिलात तो वेगळा दाखव, नाहीतर विचारतील हे काय.

संकेश्वर_ट्रॉली (२५ जून)

मच्छेकर, नवा कॉम्प्रेसर घेतलास तर जुना पाच एचपी कितीला देणार? आमच्या ट्रॉलीला गंजकं पाणी चालतंय, रंग तसाबी लालच हाय.

मच्छे_शेड (२५ जून)

अण्णा, वडिलांना विचारून सांगतो. ते अजून त्याला ‘माझा कॉम्प्रेसर’ म्हणतात.